डेटा साठवण माध्यमे : चालू काम आणि दीर्घकालीन जतन

चालू कामाचा डेटा आणि वर्षानुवर्षे जपायचा डेटा यांना लागणारी माध्यमे वेगळी असतात. कोल्हापुरातील व्हिडिओ एडिटर, छापखाने, पतसंस्था यांच्याकडे दोन्ही प्रकारचा डेटा असतो. तो एकाच डिस्कवर ठेवणे ही नेहमीची चूक.

एडिटिंगसाठी एसएसडीला, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, तोड नाही. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, एनव्हीएमई या नव्या जोडणीची त्याच्या कित्येक पट, तर हार्ड डिस्क १५० ते २५०. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग कोसळतो. १५-२० टक्के जागा मोकळी ठेवावी. जतनासाठी मात्र ती कच्ची. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळाल्यास तो हळूहळू झिरपतो, उन्हाळ्यात अधिक वेगाने. जेडेक या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या मानक संस्थेनुसार, लेखनक्षमता पूर्ण वापरलेल्या घरगुती एसएसडीने वीजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष डेटा टिकवणे अपेक्षित आहे. नवी डिस्क जास्त टिकवते, पण कपाटात टाकून विसरण्याची ही वस्तू नव्हे.

त्या कामाला हार्ड डिस्क बरी. वर्षातून एक-दोनदा जोडून ती संपूर्ण वाचावी आणि कॉपी करतानाच नोंदवलेल्या एसएचए-२५६ चेकसमशी (फाइलमधील मजकुरावरून काढलेला, तिच्या बोटाच्या ठशासारखा आकडा) प्रत्येक फाइल ताडावी. नुसता फोल्डर उघडला म्हणजे डेटा शाबूत, असे नाही. स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) 'पेंडिंग सेक्टर', म्हणजे नीट वाचता न येणारे भाग, वाढू लागले की आधी कॉपी, मग तपासणी. रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकसारख्या चालवणे, हा बॅकअप नव्हे : चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकदमच जाते.

एलटीओ टेप, म्हणजे डेटा साठवण्याची चुंबकीय फीत, योग्य हवामानात सुमारे ३० वर्षे टिकते. एलटीओ-९ च्या एका टेपवर १८ टीबी मावतात. टेप स्वस्त, ड्राइव्ह लाखांच्या घरात, म्हणून शंभरेक टीबीखाली परवडत नाही. शिवाय एलटीओ-८ ड्राइव्ह एलटीओ-६ टेप वाचत नाही. जुना ड्राइव्ह मोडीत काढण्याआधी टेपा नव्या पिढीवर उतरवाव्या लागतात. टेपेला १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता लागते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हे डीह्युमिडिफायरशिवाय जमत नाही; सिलिका जेलच्या पुड्या हवाबंद डब्यातच उपयोगी. लग्नांच्या साध्या डीव्हीडींचा रंगथर कालांतराने उडतो, त्यांवर विसंबू नये.

खरा धोका पुराचा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये ती कितीतरी ओलांडून शाहूपुरीत पाणी शिरले. दुसरी प्रत सांगलीला किंवा इचलकरंजीला ठेवून भागत नाही, कारण तिथेही त्याच पावसात पूर येतो. ती पुण्यात किंवा क्लाउडवर असावी. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असते, त्यातून गाळपाणी आत जाते. भिजलेली डिस्क चालू करू नये, हेअर ड्रायरने वाळवूही नये; गाळ पृष्ठभागावर घट्ट बसतो. ओलसर असतानाच प्लास्टिकच्या बंद पिशवीत घालून डेटा रिकव्हरी लॅबकडे द्यावी.