डिझेल टाकी भरताना आणि उपसताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

महापे, रबाळे, तुर्भे, वागळे इस्टेट भागातल्या ज्या कारखान्यांत जनरेटर किंवा बॉयलरसाठी जमिनीवर डिझेलची टाकी आहे, तिथल्या ऑपरेटरसाठी हे पत्रक आहे. पंपरूममध्ये डोळ्यांसमोर लावून ठेवा.

‘डिझेल काही पेटत नाही’ हा समज आधी काढून टाका. डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, आपल्या मानकानुसार किमान ३५ अंश सेल्सिअस असतो. मे महिन्यात दुपारी टाकीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि मग वाफेला एक ठिणगी पुरते. टँकरने आधीच्या फेरीला पेट्रोल वाहिलं असेल तर धोका आणखी वाढतो; चालकाला तसं विचारा.

टँकर खाली करताना

टँकर मागवण्याआधी डिप घ्या, म्हणजे टाकीत मोजपट्टी बुडवून तेलाची पातळी मोजा. २०,००० लिटरची टाकी १९,००० पर्यंतच भरायची. एवढं तेल १० अंशांनी तापलं तरी सुमारे दीडशे लिटरने फुगतं. टाकीत ८,५०० लिटर शिल्लक असताना १२,००० लिटरचा टँकर पूर्ण खाली केलात, तर मर्यादेवर दीड हजार लिटर जादा होतात आणि टाकी ओसंडते. लेव्हल इंडिकेटरचा फ्लोट अडकू शकतो, म्हणून एकट्या काट्यावर विसंबू नका.

टँकर उभा राहिला की चाकांना ओट (अडवायचे ठोकळे) लावा, इंजिन बंद करा. पहिल्यांदा अर्थिंगचा क्लॅम्प जोडा, मगच होज. काढताना उलट: होज आधी, क्लॅम्प शेवटी. क्लॅम्पखाली रंग किंवा गंज असेल तर तो जोडूनही उपयोग नाही. जागा खरवडून धातू उघडा करा.

भरणा पाइपचं तोंड तेलात बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवा. दोन इंची लाइनमध्ये हा हिशोब मिनिटाला सुमारे १३० लिटर होतो. वरून धो-धो पडणाऱ्या तेलात स्थिर वीज साठते. भरून झाल्यावर अर्धा तास थांबून मगच डिप घ्या. नायलॉनच्या दोरीला डबा बांधून नमुना काढू नका.

व्हेंट : इथे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं

टाकीतून जेवढं तेल जातं, तेवढी हवा व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या श्वासनळीतून, आत यावी लागते. समजा, वरची रिकामी जागा १०,००० लिटर आहे, व्हेंट बंद आहे आणि पंपाने फक्त १०० लिटर उपसले. आतला दाब एक टक्क्याने उतरतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण तीन मीटर व्यासाच्या छतावर तो सुमारे ७०० किलोचा भार होतो. पातळ पत्रा तिथेच आत बसतो.

व्हेंट कशाने बुजतो? रंगकामाच्या वेळी बांधलेली प्लास्टिकची पिशवी तशीच राहते. कुंभारमाशी मातीचं घर करते. खाडीच्या खाऱ्या हवेने जाळी गंजते, तिच्यावर धूळ बसते. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून पिशवी बांधणं तर अजिबात नको. त्यासाठी तोंड खाली वळवलेला गूजनेक बसवून घ्या. जाळी आणि फ्लेम अरेस्टर (बाहेरची ज्वाळा टाकीत शिरू न देणारा भाग) दर महिन्याला पाहा.

पंप

गिअर पंप डिलिव्हरी व्हॉल्व बंद ठेवून कधीच सुरू करू नका. रिलीफ व्हॉल्व (दाब वाढला की उघडणारा) चिकटला असेल तर लाइन किंवा गास्केट फुटतं. सेंट्रिफ्युगल पंपाचं वेगळं: तो तेलाने भरून, डिलिव्हरी बंद ठेवून सुरू करायचा आणि लगेच हळूहळू उघडायचा. खडी हलवल्यासारखा आवाज आला तर पंप बंद करून सक्शन स्ट्रेनर (पंपात तेल येतं त्या बाजूची गाळणी) काढून पाहा. पंप कोरडा चालला की मेकॅनिकल सील (शाफ्टपाशी तेल गळू न देणारं) जातंच.

पावसाळा

डाइकमध्ये, म्हणजे टाकीभोवतीच्या बांधाच्या आत, सर्वात मोठ्या टाकीच्या ११० टक्के तेल मावलं पाहिजे. साचलेलं पाणी ही जागा खातं आणि रिकामी टाकी उचलतं. तीन मीटर व्यासाच्या उभ्या टाकीभोवती ३० सेंटिमीटर पाणी साचून बुडाखाली शिरलं तर दोन टनांहून जास्त उचल येते. ५ मिलिमीटर पत्र्याची तशी टाकी त्याहून हलकी असू शकते. फाउंडेशन बोल्ट जूनआधी तपासा, पावसात टाकी पूर्ण रिकामी ठेवू नका. डाइकचा ड्रेन व्हॉल्व एरवी बंदच हवा. पाण्यावर तवंग नाही हे पाहून उघडा आणि पाणी संपेपर्यंत माणूस तिथून हलवू नका.

एकूण साठा २,५०० लिटरपेक्षा जास्त किंवा एकच टाकी १,००० लिटरपेक्षा मोठी असेल, तर पेसोचा (केंद्र सरकारच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संस्थेचा) परवाना लागतो.

आम्हाला फोन करताना टाकीची क्षमता, शेवटचा डिप, पंपाचा प्रकार आणि सक्शन गेजवरचा आकडा सांगा. पत्रा आत बसलेला दिसला तर पंप बंद करून थांबा. माणूस टाकीवर चढवू नका.