इंग्रजी मजकूर टंकलेखनास देण्यापूर्वी : सारख्या वाटणाऱ्या शब्दांविषयी

सांगलीतील हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची पत्रे, नोकरीचे अर्ज आणि विम्याचे दावे आम्ही रोज टंकलिखित करतो. मजकूर ग्राहकाचा असल्यामुळे त्यातील शब्द आम्ही परस्पर बदलत नाही. मात्र काही शब्दांची जोडी अशी असते, की एकाच्या जागी दुसरा पडला तरी संगणकाची स्पेलिंग-तपासणी त्याला अडवत नाही, कारण तो शब्दही स्पेलिंगपुरता बिनचूकच असतो.

अर्जांमध्ये सर्वाधिक घोटाळा ‘एलिजिबल’ आणि ‘इलेजिबल’ यांचा होतो. पहिल्याचा अर्थ पात्र, तर दुसऱ्याचा वाचता न येण्याजोगा; त्यामुळे आपली पात्रता सांगू पाहणारा उमेदवार स्वतःलाच अवाचनीय ठरवून बसतो. दोन्ही शब्द ‘लेगेरे’ या एकाच लॅटिन क्रियापदातून आले असून त्याला वेचणे आणि वाचणे असे दोन्ही अर्थ होते. मराठीतही हे दोन शब्द शेजारी-शेजारी वाटतात, हा निव्वळ योगायोग; पण लक्षात ठेवायला सोयीचा. वेचून काढण्याजोगा तो ‘एलिजिबल’, आणि त्याचे स्पेलिंग ‘ई’ने सुरू होऊन पुढे एकच ‘एल’ येतो.

‘हृ’ या एकाच धातूपासून आहार, प्रहार आणि संहार होतात, तसाच हा उपसर्गांचा खेळ आहे. लॅटिन ‘स्क्रीबेरे’ म्हणजे लिहिणे. त्यापासून आलेल्या ‘प्रिस्क्राइब’चा अर्थ विहित करणे किंवा औषध लिहून देणे, तर ‘प्रोस्क्राइब’चा अर्थ बंदी घालणे. रोममध्ये इ.स.पू. 82 मध्ये सुल्ला या सेनापतीने शत्रूंच्या नावांच्या याद्या जाहीरपणे लावल्या आणि यादीतील माणसाला मारण्याची मुभा दिली, हे आठवले तर दुसरा शब्द औषधाच्या चिठ्ठीजवळ फिरकणार नाही.

विम्याच्या कागदांत अधिक जपावे लागते. ‘एन्शुअर’, ‘इन्शुअर’ आणि ‘अशुअर’ हे तिन्ही लॅटिन ‘सेकुरुस’ म्हणजे शब्दशः ‘निश्चिंत’ या शब्दाचे वंशज आहेत. परंतु काम नक्की होईल अशी तजवीज करणे हा पहिल्याचा, विमा उतरवणे हा दुसऱ्याचा आणि माणसाला खात्री देणे हा तिसऱ्याचा अर्थ. एका पत्रात माल वेळेत पोहोचेल याची काळजी घेऊ, असे म्हणायचे असताना कच्च्या मजकुरातला ‘इन्शुअर’ आम्ही तसाच छापला, आणि खरेदीदाराने उलट टपाली विमा पॉलिसीचा क्रमांक मागितला. आयुर्विम्यात मात्र ‘सम अशुअर्ड’ आणि आरोग्यविम्यात ‘सम इन्शुअर्ड’ असे लिहिण्याची रूढी असल्याने, तेथे पॉलिसीवर जो शब्द असेल तोच उतरवावा.

कर्जाच्या अर्जातील ‘प्रिन्सिपल’ म्हणजे मुद्दल असेल, तर शेवटी ‘पी-ए-एल’ हवे. ‘पी-एल-ई’ लिहिल्यास त्याचा अर्थ तत्त्व होतो.

शंका असलेल्या शब्दाशेजारी समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहून द्यावा. योग्य शब्द सुचवण्याचे वेगळे शुल्क आम्ही घेत नाही, आणि ग्राहकाने प्रूफ वाचून सही केल्याशिवाय अंतिम प्रत काढत नाही.