नडगीशेजारचं दुसरं हाड

अंधारात पलंगाच्या कडेवर नडगी आपटली की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. नडगीच्या हाडाच्या, म्हणजे टिबियाच्या, पुढच्या-आतल्या अंगाला स्नायूच नसतो. कातडी, की लगेच हाड. त्या हाडावरचं पातळ आवरण फार संवेदनशील असतं, म्हणून ही कळ. तिच्याशेजारी, बाहेरच्या अंगाला, दुसरं एक बारीक हाड असतं: फिब्युला.

‘आतलं अंग’ म्हणजे खोल आत नव्हे, शरीराच्या मध्यरेषेकडचं. माणूस ताठ उभा आहे, नजर आणि पावलं समोर, हात खाली सोडलेले, तळवे पुढे, असं वैद्यकशास्त्र धरून चालतं. मध्यरेषेकडचं ते मीडियल, बाहेरच्या कडेचं लॅटरल. धडाजवळचं टोक प्रॉक्सिमल, लांबचं डिस्टल. रुग्ण पालथा झोपलेला असला तरी ही नावं बदलत नाहीत. मांडी घालून बसल्यावर घोट्याचं जे हाड जमिनीला टेकतं आणि जिथे वर्षानुवर्षांच्या बैठकीने घट्टा पडतो, ते खाली दबलेलं असलं तरी लॅटरलच. एक्स-रेच्या रिपोर्टात ‘डिस्टल फिब्युला फ्रॅक्चर’ असं लिहिलेलं असतं, ते याच ठिकाणचं.

संस्कृतात जंघा म्हणजे गुडघा ते घोटा. मराठीत जांघ मात्र पार वर सरकली! त्यामुळे अंतर्जंघास्थी (टिबिया) आणि बहिर्जंघास्थी (फिब्युला) ही पारिभाषिक नावं ऐकून माणूस भलत्याच ठिकाणी हात लावतो. मला नडगी हाच शब्द जास्त नेमका वाटतो.

आता घोटा दोन्ही बाजूंनी चाचपून बघा. आतला उंचवटा टिबियाचा, बाहेरचा फिब्युलाचा; बाहेरचा थोडा खाली आणि मागे असतो. तिथून बोट वर न्या. फिब्युला पोटरीच्या स्नायूंत दडते आणि गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला गाठीसारखी पुन्हा लागते. गुडघ्याच्या सांध्यात तिचा सहभाग नाही. वजनाचा मोठा भार टिबियाच पेलते. पण त्या गाठीच्या जरा खाली, हाडाला वळसा घालून, पाऊल वर उचलणारी नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. तिथे प्लास्टर घट्ट बसलं तर पाऊल लुळं पडून चालताना बोटं जमिनीवर घासू शकतात.

वजन फारसं पेलत नाही, म्हणूनच ही सडपातळ फिब्युला शरीरात दुसरीकडे कामी येते. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियातले शल्यचिकित्सक इयन टेलर यांनी ती रक्तवाहिन्यांसकट काढून त्याच रुग्णाच्या दुसऱ्या पायात बसवल्याचं प्रसिद्ध केलं. १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी तिच्यापासून खालचा जबडा घडवल्याचं प्रसिद्ध केलं. तंबाखू-गुटख्याने तोंडाचा कर्करोग होऊन जबडा काढावा लागलेल्या कितीतरी रुग्णांवर आज आपल्याकडे हीच शस्त्रक्रिया होते. शल्यचिकित्सक मधला तुकडा घेतात, ठरावीक जागी कापून त्याला हनुवटीचा बाक देतात, आणि मानेतल्या रक्तवाहिन्यांना त्याच्या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. वरचं टोक पाऊल उचलणाऱ्या त्या नसेसाठी राखतात. खालचे ६ ते ८ सेंटिमीटर घोट्यासाठी. जखम भरली की रुग्ण त्याच पायावर चालू लागतो.