ब्लँक कॉल ते मॉर्फिंग, फोन मात्र मुलीचाच कपाटात
नव्वदच्या दशकात ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या मजल्यावर एकच लँडलाईन होता, ब्लँक कॉल यायला लागले की घरचे म्हणायचे मुलींनी फोन उचलायचा नाही, संपला विषय. करणारा कोण हे कुणी शोधायचं नाही.

आयटी ॲक्ट, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चा, तो मुळात ऑनलाईन व्यवहार आणि डिजिटल सह्यांसाठी. त्यातलं कलम 67 अश्लीलतेचं, म्हणजे बघणाऱ्याचं मन बिघडतंय का एवढीच काळजी, जिचा फोटो आहे तिला विचारलं होतं का हा प्रश्नच नाही. मग कॅमेऱ्याचे मोबाईल आले, ब्लूटूथवरून क्लिपा फिरायला लागल्या, आणि 2008 च्या दुरुस्तीत 66ई आलं, परवानगीशिवाय खाजगी अंगाचे फोटो काढणं-पसरवणं गुन्हा. पण त्याच दुरुस्तीतून 66ए पण आलं ना, ऑनलाईन 'आक्षेपार्ह' काही लिहिलं की गुन्हा! 2012 च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे गेले, बंद झाला, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, तिथे एका मुलीने फेसबुकवर बंदबद्दल लिहिलं, दुसरीने नुसतं लाईक केलं आणि दोघींना अटक. एरवी बाईची तक्रार घ्यायला हेलपाटे घालायला लावतात, इथे मात्र काय तो वेग. सुप्रीम कोर्टाने 66ए रद्द केलं ते 2015 मधे.

डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर 2013 ला भारतीय दंड संहितेत 354सी (चोरून बघणं, फोटो काढणं) आणि 354डी (पाठलाग) ही कलमं आली. फोटो काढायला हो म्हटलं म्हणजे पसरवायला हो नाही, हे कायद्यात स्वच्छ लिहिलं गेलं, इंटरनेटवरची पाळतसुद्धा पाठलागात धरली. पाठलागाचा पहिला गुन्हा मात्र जामीनपात्र, दंड संहितेच्या जागी 2024 पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तसाच.

2016 ला आपल्या नवी मुंबईतल्या घणसोलीतून चालणाऱ्या जिओने डेटा स्वस्त केला, पण फोन कुणाच्या हातात? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधीतरी इंटरनेट वापरलेले पुरुष 57 टक्के, बायका 33. स्वतः वापरते असा मोबाईल जेमतेम 54 टक्के बायकांकडे.

आता केंद्राचं सायबर तक्रारीचं पोर्टल आहे, 2021 च्या नियमांनी असे खाजगी किंवा मॉर्फ केलेले फोटो वेबसाईटने तक्रारीनंतर 24 तासांत काढायचे होते, 2026 पासून ती मुदत दोन तासांची. कोपरखैरण्यात ओळखीतल्या एका मुलीचा इन्स्टावरचा फोटो कुणीतरी मॉर्फ केला, म्हणजे फेरफार करून भलताच बनवला, आम्ही पोर्टलवर तिचा नंबर टाकून ओटीपीची वाट बघत बसलो, तो आला असणार, पण फोन वडिलांनी आदल्या दिवशीच कपाटात कुलूप लावून ठेवलेला.