मोशेची रदबदली आणि तिची मर्यादा

बायबलमध्ये ज्याला सर्वात आधी संदेष्टा (देवाचा निरोप आणणारा) म्हटलं गेलं, तो अब्राहाम. तेही भविष्य सांगतो म्हणून नव्हे. राजा अबीमलेखासाठी तो प्रार्थना करेल आणि राजाचा जीव वाचेल, म्हणून (उत्पत्ती २०). त्याआधी सदोम नगरासाठी त्याने ५० नीतिमानांपासून १० पर्यंत देवाशी घासाघीस केलेली असते. इतरांसाठी देवाकडे शब्द टाकणं हे संदेष्ट्याचं कामच होतं.

ते सर्वात धिटाईने केलं मोशेने, इस्राएली लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढणाऱ्या नेत्याने. सीनाय पर्वताखाली लोक सोन्याच्या वासरापुढे नाचत असताना देव त्याला म्हणतो, मला आता अडवू नकोस, यांचा नाश करून तुझंच मोठं राष्ट्र करतो. पुढे तालमुद या यहुदी ग्रंथातल्या एका रब्बींनी (धर्मगुरूंनी) यावर म्हटलं, मोशेने देवाचं वस्त्रच धरून ठेवलं असणार! मोशेचा युक्तिवादही पाहण्यासारखा आहे. लोकांच्या चांगुलपणाबद्दल तो अवाक्षर काढत नाही. मिसरी लोक काय म्हणतील, अब्राहामाला दिलेल्या वचनाचं काय, असं विचारून तो देवाच्याच अब्रूचा प्रश्न उभा करतो. नंतर म्हणतो, क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझं नाव खोड. हा सौदा मात्र देव नाकारतो: ज्याने पाप केलं त्याचंच नाव खोडलं जाईल.

देवाने देऊ केलेल्या कनान देशाची पाहणी करून परतलेल्या हेरांचं ऐकून लोक बिथरले, तेव्हा मोशे पुन्हा मध्ये पडला. 'तुझ्या म्हणण्याप्रमाणे मी क्षमा केली आहे,' असं उत्तर मिळालं (गणना १४:२०). तरीही ती पिढी ४० वर्षांत रानातच संपली. क्षमा म्हणजे शिक्षेतून सुटका, असं या ग्रंथांत सहसा नसतं.

इ.स.पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम बाबेलच्या (बॅबिलोनच्या) हाती पडलं. त्याआधी यिर्मया या संदेष्ट्याला तर प्रार्थनेचीच बंदी होती. मोशे आणि जुना संदेष्टा शमुवेल समोर उभे राहिले तरी माझं मन वळणार नाही, असं देवाने बजावलं होतं. गंमत म्हणजे त्याच काळातल्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या ग्रंथात देवाची तक्रार आहे, की खिंडारात उभं राहणारा, म्हणजे लोकांसाठी मध्ये पडणारा, एकही माणूस मला सापडला नाही. या दोन वचनांचा मेळ घालायचा प्रयत्न मला तरी ओढूनताणून केलेला वाटतो.

बाबेलमधल्या निर्वासनानंतरच्या प्रार्थनांत, दानीएल ९ आणि नहेम्या १ मध्ये, विनवणारा स्वतःला वेगळा ठेवत नाही. 'आम्ही पाप केलं' म्हणतो. योम किप्पुर या यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या प्रार्थनेतही सारी मंडळी मिळून पापांची कबुली देते, अनेकवचनात.