इन्सुलिन, मेंदू आणि उपवास : इन्सुलिन घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवरात्र जवळ आले की आमच्या औषधी दुकानात इन्सुलिन न्यायला येणारे ग्राहक हमखास विचारतात, "उपवास धरला तर सुई घ्यायची की नाही?" तुळजापूरच्या भवानीचे नऊ दिवसांचे उपवास आपल्या भागात घरोघरी चालतात, त्यामुळे हा प्रश्न आम्ही हलक्यात घेत नाही. त्याचे उत्तर मेंदूला ऊर्जा कशी मिळते यात दडलेले असल्याने ते येथे सविस्तर देत आहोत.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्केच असते, परंतु विश्रांतीच्या वेळी शरीराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी जवळपास २० टक्के ऊर्जा तो एकटाच वापरतो. त्याला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज लागते आणि त्याच्याजवळ स्वतःचा साठा अगदी थोडा असतो. स्नायू व चरबीच्या पेशींत ग्लुकोज आत घेणारे 'ग्लुट-४' नावाचे वाहक प्रथिन इन्सुलिनचा संदेश आल्यावरच मोठ्या प्रमाणात पेशीच्या पृष्ठभागावर येते. मेंदूकडे ग्लुकोज नेणारी 'ग्लुट-१' आणि 'ग्लुट-३' ही वाहक प्रथिने मात्र अशा संदेशाची वाट पाहत नाहीत. म्हणजे मेंदूला साखर आत घेण्यासाठी इन्सुलिन लागत नाही. रक्तात साखर पुरेशी असणे मात्र त्याला क्षणोक्षणी लागते.

१९२१ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागल्यानंतर बराच काळ मेंदूचा त्याच्याशी संबंध नाही असेच मानले जात होते. १९७८ मध्ये उंदरांच्या मेंदूत इन्सुलिन ओळखणारे ग्राही आढळले आणि हे मत बदलले. भूक आवरणे, यकृतातून साखर किती सुटावी याला वळण देणे आणि स्मरणशक्तीच्या भागातील पेशींना साहाय्य करणे, अशी कामे इन्सुलिन मेंदूत करते. विसराळूपणाच्या आजारांशी त्याचा संबंध अजून अभ्यासाचा विषय आहे. त्या नावाखाली विकली जाणारी 'मेंदूची टॉनिके' घेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

उपवासाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब पुढेच आहे. निरोगी माणूस उपाशी राहिला की त्याच्या रक्तातील इन्सुलिन आपोआप उतरते, यकृत आपल्या साठ्यातील साखर सोडते, आणि उपवास लांबला तर चरबीपासून कीटोन तयार होऊन ते मेंदूला इंधन म्हणून मिळू लागतात. कित्येक दिवसांच्या उपासमारीत मेंदूची निम्म्याहून अधिक गरज कीटोनच भागवतात. टोचून घेतलेले इन्सुलिन मात्र उपवास आहे म्हणून उतरत नाही. ते एकीकडे रक्तातील साखर कमी करते आणि दुसरीकडे कीटोन तयार होण्यालाच अटकाव करते, त्यामुळे मेंदूच्या दोन्ही वाटा एकाच वेळी बंद होतात. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतात. त्यांच्याबाबतही हाच धोका राहतो.

घटस्थापनेच्या सुमारास सोयाबीनची काढणीही सुरू असते. सकाळी नेहमीचे युनिट टोचून, केवळ चहावर शेतात गेलेल्या माणसाचे स्नायूही कष्टामुळे साखर ओढून घेतात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. ५४ च्या खाली मेंदूच उपाशी पडू लागतो, जीभ जड होते, बोलणे असंबद्ध होते आणि ओळखीची माणसे ओळखू येत नाहीत. अशा वेळी कोणी दारू प्यायला आहे किंवा अंगात आले आहे, असे समजून घरचे थांबून राहतात. मधुमेहाच्या रुग्णाबाबत आधी साखर तपासावी, आणि मीटर हाताशी नसेल तर साखर कमी झाली आहे असेच धरून चालावे.

रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना साधी साखर लवकर लागू पडत नाही, त्यांना ग्लुकोज पावडरच द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

याचा अर्थ सुई बंद करावी असाही नाही. टाइप-१ मधुमेहात इन्सुलिन पूर्ण थांबवले तर तेच कीटोन आवाक्याबाहेर वाढून रक्त आम्लयुक्त होते, आणि ते जिवावर बेतते. साबुदाण्याच्या खिचडीने साखर झपाट्याने चढते, भगर व शेंगदाण्याच्या आमटीनेही युनिटांचा हिशेब बदलतो, म्हणून कोणत्या वेळचे किती युनिट कमी करायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे. घटस्थापनेच्या आठवडाभर आधी त्यांना भेटून बदललेले युनिट चिठ्ठीवर लिहून घ्यावेत. ती चिठ्ठी दुकानात दाखवल्यास पेनवर आकडा कसा लावायचा हे आम्ही आपल्याला व घरच्या एका माणसाला समजावून सांगू.