पिठल्यातली गुठळी आणि पुलातली सळई

अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला समुद्रातली बेटं जोडणारे लांबच लांब पूल आहेत. १९८०च्या आसपास ते नव्याने बांधले, तेव्हा सळयांना इपॉक्सीचा, म्हणजे घट्ट होऊन टणक बनणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा, लेप दिला होता. खारं पाणी पोलादापर्यंत पोचू नये, एवढाच हेतू. पण १९८६मध्येच त्यांतल्या लाँग की पुलाच्या खांबांवर गंज दिसला.

लेप समुद्राच्या पाण्यात विरघळला नव्हता. सळया वाहून नेताना, वाकवताना, काँक्रीट ओतताना त्याला ओरखडे पडले, टवके उडाले. तिथून खारं पाणी शिरलं आणि पुढे लेप पोलादापासून सुटत गेला. रसायनांना दाद न देणारा पदार्थ साध्या आपटाआपटीपुढे हरला.

हा ठिसूळपणा इपॉक्सीच्या घडणीतच आहे. अ‍ॅराल्डाइटच्या दोन ट्यूब आठवा. एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. रेझिनच्या रेणूच्या टोकांना दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांचं ताणलेलं त्रिकोणी कडं असतं. हार्डनर ते उघडतो आणि रेणू एकमेकांना जखडून दाट जाळं तयार होतं. (हार्डनर जास्त घातला की पक्कं बसतं, हा घरोघरचा समज चुकीचा आहे. जोडीदार न मिळालेला हार्डनर नुसताच आत पडून राहतो.) जाळं दाट, म्हणून लेप टणक, पण रेणूंना हलायला जागाच नाही, म्हणून एकदा तडा गेला की काचेसारखा सरळ धावतो.

यावरचा जुना उपाय म्हणजे रबराचे बारीक कण मिसळणं. त्याने चिवटपणा येतो, पण लेप मऊ पडतो. नॅनोकणांचं, म्हणजे नॅनोमीटरमध्ये (मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात) मोजावे लागणाऱ्या कणांचं, महत्त्व इथे आहे. लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधल्या अँथनी किनलॉक आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये इपॉक्सीत २० नॅनोमीटर व्यासाचे सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच पदार्थाचे, कण घातले. आकारमानाने १३ टक्के कण असताना तडा पुढे सरकवायला लागणारी ऊर्जा दर चौरस मीटरला १०० ज्यूलवरून ४६० ज्यूलवर गेली. इपॉक्सी ज्या तापमानाला मऊ पडू लागतो, ते मात्र जागचं हललं नाही.

कण तड्याला आडवे येत असतील, असं आपल्याला वाटतं. पण तड्याच्या मानाने ते इतके चिमुकले असतात की तो त्यांना जुमानणारच नाही. घडतं ते वेगळंच. तड्याच्या टोकाशी ताण वाढला की कणाभोवतीचा इपॉक्सी कणापासून सुटतो, तिथे सूक्ष्म पोकळी होते आणि ती फुगताना भोवतालचा पदार्थ ताणला जातो. अशा असंख्य पोकळ्या थोडी थोडी ऊर्जा गिळतात आणि तड्याचा जोर ओसरतो.

इतक्या लहान कणांचा पृष्ठभाग मात्र अफाट असतो. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच २० नॅनोमीटरचे तुकडे केले तर ३०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास तीन गुंठे! एवढ्या पृष्ठभागाला रेझिन चिकटून राहतं, मिश्रण घट्ट होतं, ब्रशला जड जातं, हवेचे बुडबुडे अडकतात. त्याहून वाईट म्हणजे कण एकमेकांनाच चिकटतात. पिठल्यात बेसन एकदम टाकलं की काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. इथली गुठळी डोळ्यांना दिसत नाही, पण तडा सुरू व्हायला तीच पुरते.

म्हणून खरं कौशल्य मिसळण्यात आहे, असं मला वाटतं. लंडनच्या प्रयोगातला सिलिका कोरडी पूड म्हणून ओतलेला नव्हता. तो द्रवातच घडवून, पृष्ठभागावर संस्कार करून रेझिनमध्ये उतरवला होता. पूडच वापरायची असेल तर कणांना सिलेनचं, म्हणजे सिलिका आणि रेझिन यांना जोडणाऱ्या रसायनाचं, अस्तर द्यावं लागतं, श्राव्यातीत ध्वनिलहरींनी किंवा तीन रोलरच्या चक्कीतून मिश्रण काढावं लागतं. नुसतं डब्यावर ‘नॅनो’ छापून यातलं काहीच होत नाही.

शिवाय ते ४६० ज्यूल जाड पट्टीवरचे आहेत. लेप असतो केसाच्या जाडीचा, आणि त्याला पोलाद धरूनही ठेवायचं असतं. म्हणून लेपाची परीक्षा वेगळी घेतात. लेप दिलेल्या पत्र्यावर आधी मुद्दाम चाकूने पोलादापर्यंत फुली मारतात, मग तो पत्रा मिठाच्या पाण्याचा धुकट फवारा असलेल्या पेटीत कित्येक तास ठेवतात. शेवटी मोजायचं एकच: फुलीपासून गंज लेपाखाली किती मिलिमीटर सरकला.